स्नो ब्लोअर बॅटरीचा घ्यावा की पेट्रोलचा?

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की पहिल्या हिवाळ्याआधी हा प्रश्न येतोच. स्नो ब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ उचलून बाजूला फेकणारं, ढकलत चालवायचं मशीन. (दुकानात ‘गॅस’ लिहिलेलं असतं ते पेट्रोल, सिलिंडरशी त्याचा संबंध नाही.) बहुतेक जण गावात वर्षाला किती इंच बर्फ पडतो ते बघून मशीन निवडतात. तो आकडा उपयोगी आहे, पण निर्णय त्यावर सोडू नका. तुमचा ड्राइव्हवे (घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट) रस्त्याला मिळतो तिथे प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ पात्याने कडेला ढकलणारा ट्रक, बर्फाचा जो बांध घालून जातो, त्यावरून ठरवा.

कारण ड्राइव्हवेवरचा बर्फ आणि त्या बांधातला बर्फ वेगळे असतात. दोन गाड्यांचा, २० फूट रुंद आणि ५० फूट लांब ड्राइव्हवे धरा. त्यावर ६ इंच भुसभुशीत बर्फ पडला तर साधारण एक टन वजन उचलायचं असतं. तेवढाच बर्फ पावसाळी, ओला असेल तर चार टन. आणि प्लाऊने ढकललेला बर्फ दाबला गेलेला, मिठाने अर्धवट वितळलेला, ढेकळांनी भरलेला असतो, आणि काही तासांत गोठून दगड होतो. हलका बर्फ कुठलंही मशीन उडवतं. खरी परीक्षा शेवटच्या सहा फुटांत होते.

म्हणून बॅटरी की पेट्रोल याआधी सिंगल स्टेज की टू स्टेज हे ठरवा. सिंगल स्टेजमध्ये ऑगर, म्हणजे पुढचा रबरी पात्यांचा फिरता दांडा, जमिनीला घासत फिरतो आणि तोच बर्फ गोळा करून शूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, फेकतो. डांबरावर तो अगदी खालपर्यंत साफ करतो, पण खडीवर चालवला तर दगड उडवतो. ८ इंचांच्या वर त्याची दमछाक होते. टू स्टेजमध्ये लोखंडी ऑगर बर्फ फोडतो आणि मागचा इम्पेलर (पंख्यासारखं चाक) तो फेकतो. चाकं इंजिनवर किंवा मोटरवर चालतात, आणि खालचे स्किड शू (मशीन ज्यांवर सरकतं त्या पट्ट्या) वरखाली करून ऑगर जमिनीपासून उचलता येतो. डांबरावर पाव इंचापेक्षा कमी फट ठेवा, खडीवर इंचभर. बांध गुडघ्याएवढा होत असेल किंवा ड्राइव्हवे खडीचा असेल, तर टू स्टेजच घ्या.

आता ऊर्जेचा हिशेब. ५६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या म्हणजे ५६० वॉट-तास, अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातला पाचवा हिस्साच कामी आणतं असं धरलं तरी १.८ युनिट झाली, म्हणजे त्या जोडीच्या तिप्पट. पेट्रोलची टाकी पुन्हा भरायला दोन मिनिटं लागतात, बॅटरी चार्ज व्हायला तास किंवा जास्त. खोक्यावर लिहिलेला चालण्याचा वेळ हलक्या बर्फाचा असतो, ओल्या बर्फात तो निम्म्यावर आला तरी नवल नाही. शिवाय मशीनवरचा भार वाढला की पेट्रोल इंजिनचा गव्हर्नर (वेग कायम राखणारा भाग) जास्त इंधन सोडून तग धरतो. बॅटरीचं मशीन मोटर जळू नये म्हणून बंद पडतं.

तरीही न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या भागात, एका-दोन गाड्यांचा डांबरी ड्राइव्हवे आणि छोटा बांध असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: बॅटरीचा सिंगल स्टेज. बटण दाबलं की सुरू, तेल नाही, कार्ब्युरेटर नाही, आणि पहाटे पाचला शेजारी उठत नाहीत. टाउनहाउसच्या छोट्या गॅरेजमध्ये पेट्रोलचा वासही नको असतो. बॉस्टनकडे समुद्रावरून येणारा ओला, जड बर्फ पडतो. तिथे बॅटरी घ्यायचीच तर टू स्टेज आणि मोठ्या बॅटऱ्या घ्या, आणि त्या किमतीत पेट्रोलचा टू स्टेज येतो हे लक्षात ठेवा. बफेलो, सिराक्यूज या ग्रेट लेक्स सरोवरांजवळच्या बर्फाच्या पट्ट्यात पेट्रोलचा २४ ते २८ इंच रुंदीचा टू स्टेज घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात सुमारे ८० इंच बर्फ पडला होता. अशा वेळी चार्जिंगची वाट बघत बसणं परवडत नाही, आणि वीजही जाऊ शकते.

वायरवाला इलेक्ट्रिक सगळ्यात स्वस्त, पण १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सर्किटमधून १,८०० वॉटपेक्षा जास्त मिळत नाही. छोटा अंगण-रस्ता आणि डेक यांच्यासाठी तो पुरतो. एक्स्टेन्शन कॉर्ड घराबाहेर वापरण्यासाठी बनवलेलीच हवी: ५० फुटांपर्यंत १४ गेज, १०० फुटांपर्यंत १२ गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). घरातली बारीक १६ गेजची लावली तर व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. प्लग जीएफसीआय आउटलेटमध्येच (वीज गळली की लगेच बंद होणाऱ्या सॉकेटमध्ये) लावा, आणि सुरुवात आउटलेटजवळून करून लांब जात राहा, म्हणजे वायर मागे राहते.

बॅटरी घेतली तर ती मशीनमध्ये गॅरेजात ठेवू नका. थंडीत तिची क्षमता घटते, आणि शून्य सेल्सिअसखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर बसून ती कायमची खराब होते. घरात ठेवा, बाहेर पडतानाच लावा.

पेट्रोलचा घेतला तर सर्वात जास्त बिघाड इंजिनात नाही, शिळ्या पेट्रोलमुळे होतो. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि महिना-दोन महिन्यांत कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर बसतो. मग डिसेंबरच्या पहिल्या वादळाला इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. पेट्रोल आणल्या दिवशीच त्यात स्टॅबिलायझर टाका, १० टक्क्यांहून जास्त इथेनॉलचं घेऊ नका. हिवाळा संपला की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. फोर स्ट्रोक इंजिनात ५डब्ल्यू-३० तेल चालतं, कडक थंडीच्या भागात सिंथेटिक. नव्या मशीनचं पहिलं तेल साधारण पाच तासांनी बदला, नंतर दर हिवाळ्यात एकदा.

टू स्टेज कुठलाही असो, शिअर पिनांचा (ऑगर त्याच्या दांड्याला जोडणाऱ्या मऊ पिनांचा) एक जोड खिशात हवा. बर्फात पुरलेलं वर्तमानपत्र किंवा गोठलेलं ढेकूळ अडकलं की ही पिन मुद्दाम तुटते, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. जागी साधा बोल्ट घातला तर तो तुटत नाही आणि गिअरबॉक्स जातो.

शूट तुंबला तर हात घालू नका. इंजिन बंद करा, बॅटरी काढा किंवा प्लग काढा, आणि मशीनबरोबर मिळणाऱ्या काठीनेच साफ करा. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या ऑगरमध्ये ताण असतो, बर्फ सुटला की तो झटक्याने फिरतो आणि बोटं जातात. पेट्रोलचं मशीन गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनही, गरम करायला चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो.

बांध फोडताना मशीन धडकवू नका. पूर्ण रुंदी न घेता अर्धी घ्या, सर्वात हळू गिअर ठेवा, उंच भाग आधी फावड्याने पाडा. आणि रस्त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावीकडे, ड्राइव्हवेच्या अलीकडे, कडेचा दहा-बारा फूट बर्फ आधीच काढून ठेवा. प्लाऊ त्या बाजूने येतो. त्याच्या पात्यावरचा बर्फ त्या मोकळ्या जागेत पडतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी खूप कमी उरतो.