ड्रिफ्टसाठी गाडीचं सेटिंग करताना: आधी एसटीएम बंद आहे का ते बघा

फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये निस्सान सिल्व्हिया एस१५ ड्रिफ्टसाठी, म्हणजे वळणात मुद्दाम आडवी घसरवत चालवण्यासाठी, तयार करायला बसलो आणि तीन रात्री घालवल्या. गाडीत बिघाड काहीच नव्हता. परत तसं होऊ नये म्हणून हे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एसटीएम, म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोल, बंद. दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला आणि माझ्याच प्रोफाइलवर खेळला. गाडी गरगर फिरते म्हणून त्याने असिस्ट, म्हणजे गेमच्या मदतीच्या सोयी, चालू केले. ते मला सांगायला हवं, हे नऊ वर्षांच्या पोराला कुठून सुचणार? नंतर मी बसलो तर वळणात मागची चाकं सुटायची, अर्धा सेकंद बरं वाटायचं, आणि कोणी कॉलर धरून ओढावं तशी गाडी सरळ. मी स्प्रिंगला दोष दिला, मग कॅम्बरला (चाकाचा आत-बाहेरचा कल), मग टायरला. चांगला चाललेला ट्यून, म्हणजे गाडीच्या सेटिंगचा संच, स्वतःच्या हाताने वाटोळा केला, वर तो जुन्याच नावावर सेव्हही केला.

स्टॅबिलिटी कंट्रोलचं कामच हे. गाडीचं तोंड एका दिशेला आणि ती सरकतेय दुसऱ्या दिशेला, असं दिसलं की एकेका चाकाला ब्रेक लावून, इंजिनाची ताकद कापून तो तिला ओळीत आणतो. आपण ज्याला ड्रिफ्ट म्हणतो, त्याच्या लेखी तो अपघात.

आणि हे डोक्यात पक्कं बसवा: ट्यून गाडीबरोबर राहतो, असिस्ट प्रोफाइलबरोबर. जगातल्या सर्वोत्तम ड्रिफ्टरचा ट्यून डाउनलोड केलात तरी तुमचा एसटीएम बंद होत नाही. डिफिकल्टीच्या मेनूत जाऊन डोळ्यांनी बघा. ‘मी मागेच बंद केला होता’ हे उत्तर चालणार नाही, माझंही तेच होतं. तिथेच ट्रॅक्शन कंट्रोलही बंद करा, तो चाकं घसरून फिरूच देत नाही. गिअर मॅन्युअल, जमत असेल तर क्लचसकट. स्टिअरिंग साधं की सिम्युलेशन, यावर लोक भांडतात. कंट्रोलरवर असाल तर हात बसेपर्यंत साधंच ठेवा.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी हवी, हे सांगायला नको. पार्ट घेताना मात्र घाई नको, कारण योग्य पार्ट बसवल्याशिवाय ट्यूनिंगचे बरेचसे स्लायडर उघडतच नाहीत. ड्रिफ्ट सस्पेन्शन घ्या, रेस सस्पेन्शन नव्हे. ड्रिफ्टवाल्याने पुढची चाकं जास्त वळतात, आणि गाडी फार आडवी झाल्यावर तेच वाचवतं. रेस डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग). रेस गिअरबॉक्स, कारण स्पोर्टवाल्यात फक्त फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरना एकदम लागू होणारं प्रमाण) बदलता येतो, एकेक गिअर नाही. ताकद पाचशे-सहाशे हॉर्सपॉवर पुरे. हजारची हौस सगळ्यांना असते आणि सगळे पहिल्याच वळणावर धुरात उलट तोंड करून उभे असतात.

आता गिअर. इथे वेळ घालवा. ड्रिफ्टमध्ये मागची चाकं रस्त्याच्या वेगापेक्षा बरीच जास्त फिरत असतात, म्हणून शर्यतीचं गिअरिंग इथे तोकडं पडतं. दुसऱ्यात इंजिन लिमिटरला (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला) आपटून खडखडत राहतं, तिसरा टाकावा तर आवाज बसतो, चाकं रस्ता धरतात आणि गाडी सरळ होते. (इथेही गाडी सरळच होते, म्हणून मला एसटीएमचा संशय आला नाही. लक्षणं सारखी दिसतात. आधी एसटीएम बघा, मग गिअरला हात लावा.) ज्या रस्त्यावर चालवणार तिथे जा. माझा रस्ता ला ग्रान काल्देरा, त्या ज्वालामुखीवरची नागमोडी वळणं. तिसऱ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि फायनल ड्राइव्ह अशा जागी आणा की काटा लिमिटरच्या जरासा खाली तरंगत राहील. एक वळण एका गिअरमध्ये निघालं पाहिजे. मग दुसरा आणि चौथा तिसऱ्याच्या जवळ ओढा, म्हणजे गिअर बदलताना चाकांचा वेग पडत नाही.

डिफरन्शियल ॲक्सिलरेशनला शंभर टक्के. मागची दोन्ही चाकं एकत्र सुटायला हवीत. एकटंच आतलं फिरत बसलं तर धूर खूप, ड्रिफ्ट शून्य. डिसेलरेशनही वरच ठेवा, पाय काढल्यावर गाडी फारच अडखळली तर थोडं उतरवा.

पुढचा कॅम्बर उणे पाच, म्हणजे स्लायडरच्या टोकाला. स्टिअरिंग उलटं पूर्ण वळलेलं असताना पुढचा टायर तेव्हाच रस्त्यावर नीट बसतो. मागचा शून्याच्या आसपास. कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) सात. पुढच्या चाकांना जरासा टो-आउट (तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला), मागच्यांना काही नाही. टायरमधली हवा अठ्ठावीस ते तीस पीएसआय.

स्प्रिंग, डॅम्पर (धक्के शोषणारे), अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा): मध्यावरून सुरुवात करा, एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकाच रात्री तिन्ही बदलले, मग कशामुळे काय झालं तेच कळेना. एरोला (हवेच्या दाबाचे पंख-स्पॉयलर) हात लावू नका. कंट्रोलरचा आतला डेडझोन (काठी हलवूनही गेम दखल घेत नाही तो मधला भाग) शून्य.

चाचणी कोरड्या रस्त्यावर, मोकळ्या जागेत, एका गोल फेरीने. पावसात काढलेला निष्कर्ष दुसऱ्या दिवशी फेकूनच द्यावा लागतो. गोल फेरीत गाडी आपण होऊन सरळ झाली तर ट्यूनिंगचा मेनू उघडू नका. डिफिकल्टीचा उघडा. एसटीएम.

बदल केला की नव्या नावाने सेव्ह. रंग, स्टिकर, रिम नंतर. भाच्याला वेगळं प्रोफाइल करून दिलंय, त्यातल्या गाडीला त्याने गुलाबी रंग दिलाय.