गुन्ह्याची बातमी देताना या चुका टाळा

आपल्याकडे गुन्ह्याची बातमी बहुतेकदा पोलिसांच्या प्रेसनोटवरून बनते. घाईत लिहिलेल्या तिच्या दोन ओळींचा परिणाम पुढे खटल्यावर होऊ शकतो, म्हणून छापण्याआधी थोडं थांबा.

सगळ्यात महागात पडते ती फोटोची चूक. ओळख परेडच्या, म्हणजे साक्षीदाराने अनेक माणसांतून संशयिताला ओळखण्याच्या, आधी त्याचा चेहरा छापला, की बचाव पक्षाचा वकील साक्षीदाराला विचारणारच, "यांचा फोटो पेपरात पाहिला होता का?" उत्तर 'हो' आलं तर त्या परेडचं वजन फारसं उरत नाही. माणूस निर्दोष असेल तर धोका त्याहून मोठा, कारण फोटो पाहिलेल्या साक्षीदाराला तोच चेहरा गुन्हेगाराचा वाटू लागतो. पोलीस संशयिताचा चेहरा झाकून नेतात, ते याचसाठी. मग आपणच त्याचा जुना फोटो सोशल मीडियावरून शोधून का छापायचा? ऑनलाइन आवृत्तीत चुकून गेलाच, तर लगेच काढा आणि तो किती वाजता प्रसिद्ध झाला होता हे तपास अधिकाऱ्याला कळवा.

'आरोपीने गुन्हा कबूल केला' हा मथळाही टाळा. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चं कलम 23 तेच सांगतं. तिच्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी निगडित तेवढाच भाग विचारात घेता येतो. न्यायाधीश कबुली बाजूला ठेवतात, वाचक ठेवत नाही. आरोपी सुटला की लोक म्हणतात, 'कबूल करूनही सुटला!' न्यायालयावरचा हा राग आपल्या मथळ्यातून येतो. 'पोलिसांचा दावा' एवढंच लिहा.

बलात्कार पीडितेचं नाव छापायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गाव, वडिलांचा व्यवसाय आणि घराचा पत्ता दिल्यावर लपलं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 72 ओळख उघड होईल अशा कुठल्याही तपशिलाला लागू होतं. मुलांच्या बाबतीत तर शाळेचं नावसुद्धा देता येत नाही.

आणि अटक पहिल्या पानावर, निर्दोष सुटका कुठेच नाही, हा अन्याय थांबवा. बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना वर्षानुवर्षं पडून असलेल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या 1979 मध्ये छापून आल्या. त्यांच्या आधारे अ‍ॅड. कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि हुसैनारा खातून प्रकरणात जलद खटल्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. अटकेनंतरची बातमी एवढं करू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं वहीत टिपा, दोषारोपपत्र आणि निकालापर्यंत चौकशी करत राहा. निर्दोष ठरला, तर अटकेची ऑनलाइन बातमी उघडून पहिल्याच ओळीत ते लिहा.