ऑफरच्या मालाचं आगाऊ बुकिंग घेताय? या चुका टाळा

नवरात्र जवळ आलं की दुकानदारांचे फोन सुरू होतात. "ऑफरच्या मालाला ऑनलाइन बुकिंग ठेवायचंय. सर्व्हर पडता कामा नये, एवढंच बघा." सर्व्हर पडण्याची धास्ती सगळ्यांना असते, बुकिंग चोरीला जाण्याची कुणालाच नसते. टीव्हीवर पंधरा-वीस हजारांची सूट आहे, टीव्ही शंभर आहेत आणि मागणारे हजारोंनी आहेत, असं धरा. मग प्रत्येक बुकिंगची बाजारातली किंमत त्या सुटीएवढी होते. म्हणजे तुमच्या डेटाबेसमध्ये पंधरा-वीस लाखांचा ऐवज पडलेला असतो, आणि त्याला कुलूप लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

गर्दी पेलणं वेगळं आणि चोरी रोखणं वेगळं. पहिल्यावर लाख रुपये घालवायचे आणि दुसऱ्यासाठी "कॅप्चा लावलाय ना" म्हणून मोकळं व्हायचं, हे मी दर हंगामात बघतो.

टोकनला ओळीने नंबर देणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यापायी साध्या गिऱ्हाइकांचं किती नुकसान होतं, हे मी समोर उभं राहून पाहिलंय.

पश्चिम महाराष्ट्रात शाखा असलेलं एक इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. दिवाळीला वॉशिंग मशीनची ऑफर होती. वेबसाइटवर नाव आणि मोबाईल नंबर भरला की एसएमएस यायचा, त्यात एक लिंक. लिंक उघडली की नाव, मोबाईल नंबर आणि काउंटरवर दाखवायचा क्यूआर कोड. हेच टोकन. लिंकच्या शेवटी पाच आकडी नंबर होता. त्यातला शेवटचा आकडा बदलला की पुढच्या माणसाचं टोकन उघडायचं, त्याच्या नावानंबरासकट. पान बघणारा कोण आहे, हे सर्व्हर विचारतच नव्हता.

वाटपाच्या दिवशी दुकान उघडताच पाच-सहा पोरं आली. त्यांच्या हातात ए-फोर कागदाच्या कात्रीने कापलेल्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर एक क्यूआर. काउंटरवरच्या मुलाने स्कॅन केला, हिरवी खूण आली, माल टेम्पोत चढला. त्याची काय चूक? त्याला हिरवी खूण बघायला सांगितलं होतं, ती त्याने बघितली.

खरे टोकनवाले संध्याकाळी आले. एका बाईंना मॅनेजर सांगत होते, "ताई, हे टोकन सकाळीच वापरलं गेलंय." त्या म्हणाल्या, "अहो दादा, मी आत्ता ऑफिसातून येतेय. मेसेज माझ्याच मोबाईलवर आलाय, बघा ना." मेसेज खरोखरच त्यांच्याच मोबाईलवर होता. मॅनेजरकडे उत्तर नव्हतं आणि मशीनही नव्हतं.

मला बोलावलं ते त्यानंतर. सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी कधी काय मागवलं याची नोंदवही, उघडला तर सगळं उघडं पडलेलं. मध्यरात्रीनंतर एकाच आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून, टोकनची पानं ओळीने मागवलेली, साधारण सेकंदाला एक, मध्ये एकही नंबर गाळलेला नाही. हे करायला हॅकर लागत नाही, दहा ओळींचा प्रोग्रॅम पुरतो.

यावर नवीन मुलं लगेच सुचवतात की नंबर बेस-६४ मध्ये टाकू (म्हणजे वेगळ्या अक्षरांत लिहू), नाहीतर त्याचा एमडी-५ काढू (म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याचा लांबलचक ठसा बनवू). दोन्ही निरुपयोगी. बेस-६४ कुणीही उलगडतो. एक ते एक लाखापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचे एमडी-५ साधा लॅपटॉप डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. यूयूआयडी (संगणकाने बनवलेला लांबलचक ओळख-क्रमांक) वापरणार असाल तर चौथ्या आवृत्तीचा वापरा. पहिल्या आवृत्तीचा वेळेवरून बनतो, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो.

कूपन "लोकांना टाइप करायला सोपं" म्हणून सहा आकडी ठेवणाऱ्यांनी एकदा हिशोब करावा. सहा आकड्यांच्या शक्यता दहा लाख. ५,००० कूपन चालू असतील, तर सरासरी दर २०० अंदाजांत एक लागतो. अक्षरं आणि आकडे मिळून सहा जागा घेतल्या तर शक्यता सुमारे २१७ कोटी होतात. तरीही सेकंदाला १०० अंदाज करू दिलेत, तर सव्वा तासाच्या आत पहिलं कूपन हाती लागतं. म्हणून लिंकमधलं टोकन १२८ बिटांचं, म्हणजे अंदाजाने सापडणारच नाही इतकं लांब, आणि सुरक्षित यादृच्छिक जनकातून (अंदाज बांधता न येणारे आकडे देणाऱ्या प्रोग्रॅममधून) आलेलं हवं. हाताने टाइप करायचा छोटा कोड ठेवायचाच असेल, तर तो मोबाईल नंबरासोबतच चालावा आणि पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर बंद पडावा.

टोकनच्या पानावर पूर्ण नाव आणि पूर्ण नंबर दाखवू नका. शेवटचे चार आकडे पुरतात.

क्यूआरवर डिजिटल सही केली की काम झालं, असं समजणारेही भेटतात. सहीमुळे खोटा क्यूआर बनवता येत नाही, पण खऱ्याची नक्कल थांबत नाही. स्क्रीनशॉटवर सही जशीच्या तशी येते. माझी पद्धत अशी: क्यूआर स्कॅन झाला की बुकिंगच्या मोबाईलवर ओटीपी जातो, तो सांगितल्याशिवाय माल हलत नाही. सणाच्या गर्दीत एसएमएस उशिरा येतात, म्हणून बुकिंग करतानाच फोटो असलेल्या ओळखपत्रावरचं नाव लिहून घेतो आणि अडलं तर ते जुळवतो. आयआरसीटीसीने जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारचा ओटीपी लावला. रेल्वेला तो शोभतो. मिक्सरच्या ऑफरसाठी मात्र आधार नंबर गोळा करू नका. जो डेटा सांभाळता येत नाही, तो घेऊच नये.

आधी शिल्लक बघणं, मग वजा करणं

प्रोग्रॅम शिल्लक वाचतो, एक उरलाय असं बघतो, बुकिंग लिहितो आणि मग शिल्लक एकने कमी करतो. घरी एकट्याने तपासलं तर बरोबर चालतं. ऑफर उघडल्याच्या क्षणी त्याच एका नगासाठी चाळीस जण वाचतात, चाळिसांनाही "एक उरलाय" दिसतं आणि चाळीस बुकिंग होतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो मुद्दाम एकाच खात्यातून एकाच क्षणी पन्नास विनंत्या सोडतो आणि "एका गिऱ्हाइकाला एक" ही मर्यादा अशीच ओलांडतो.

"शिल्लक शून्याच्या वर असेल तरच एक वजा कर" ही अट आणि वजाबाकी डेटाबेसला एकाच आदेशात द्या, आणि किती ओळी बदलल्या ते बघा. शून्य बदलल्या तर माल संपला. एका मोबाईलला एकच बुकिंग हा नियमही डेटाबेसच्या युनिक अटीत (तीच नोंद दुसऱ्यांदा घेऊच न देणाऱ्या अटीत) हवा, प्रोग्रॅममधल्या तपासणीवर सोडू नका. टोकन "वापरलं" अशी खूण करतानाही हेच, नाहीतर दोन काउंटरवर एकाच वेळी स्कॅन केलेलं टोकन दोनदा चालतं. टोकन एका शाखेलाच बांधा. नेट गेल्यावर शाखा वहीत लिहून माल देतात आणि तेवढ्यात तेच टोकन दुसऱ्या शाखेत चालून जातं.

याला जोडूनच दुसरं दुखणं: फुकटात माल अडवून ठेवू देणं. कार्टमध्ये टाकलं की दहा मिनिटं राखीव, आणि वेळ संपली की पुन्हा टाकता येतं. बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप बुकिंग करणारे प्रोग्रॅम, सगळा माल असा अडवून धरतात, बाहेर गिऱ्हाईक शोधतात आणि सापडलं की तेवढाच नग घेतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या स्वयंचलित धोक्यांच्या यादीत याची स्वतंत्र नोंद आहे. राखीव वेळ सर्व्हरनेच मोजावी, आणि एकदा वेळ संपली की त्या मोबाईलला तो माल पुन्हा अडवता येऊ नये.

थोडी अनामत घ्या. व्हॉल्व्ह कंपनीने जुलै २०२१ मध्ये स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या गेमिंग यंत्राचं बुकिंग घेतलं तेव्हा ५ डॉलर घेतले. शिवाय पहिले ४८ तास जून २०२१ च्या आधी काही विकत घेतलेल्या खात्यांनाच संधी दिली. त्यामुळे एका रात्रीत उघडलेली हजार खाती तिथे कामाची नव्हती. तुमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या बिलांची यादी पडून असते, ती वापरा.

आणि मुळात "आधी येईल त्याला" हा नियमच का हवा? सेकंदाच्या शर्यतीत माणूस बॉटला हरणारच. एनव्हिडियाने १७ सप्टेंबर २०२० ला आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड विक्रीला काढलं, माल बघता बघता संपला आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. निन्टेन्डोने २०२५ मध्ये जपानमधल्या आपल्या ऑनलाइन दुकानात स्विच २ या गेमिंग यंत्रासाठी सोडत ठेवली. सोबत जुन्या स्विचवर किमान ५० तास खेळल्याची आणि वर्षभराच्या सभासदत्वाची अट होती. तरी सुमारे २२ लाख अर्ज आले. दिवसभर नावं घ्या, रात्री सोडत काढा. सर्व्हरवरचा ताणही उतरतो. शेठ लोकांना सोडत आवडत नाही, "दोन मिनिटांत माल संपला" अशी जाहिरात त्यांना हवी असते. ती हौस गिऱ्हाइकांच्या जिवावर होते, हे मी दरवेळी तोंडावर सांगतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

बुकिंगचं बटण दहा वाजेपर्यंत फक्त पानावर लपवून ठेवणं. मागचा एपीआय (प्रोग्रॅम सर्व्हरकडे थेट विनंती पाठवतात तो मार्ग) उघडा असेल तर जाणकाराचं बुकिंग पावणेदहालाच होतं. वेळ सर्व्हरने तपासावी.

किंमत ब्राउझरकडून घेणं. ब्राउझर गिऱ्हाइकाच्या हातात असतो, तो आकडा बदलून पाठवू शकतो. २०२५ मध्येही हे सापडतं.

ईमेलवर "एक माणूस एक बुकिंग" ठरवणं. जीमेलला नावातल्या टिंबांनी फरक पडत नाही आणि अधिक चिन्हापुढे काहीही लिहिता येतं. एकाच माणसाचे शंभर पत्ते सहज होतात.

फक्त आयपीवर मर्यादा घालणं. आपल्याकडे मोबाईल कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे साधी माणसं अडकतात आणि आयपी बदलणारा सुटतो. मर्यादा मोबाईल नंबर, खातं आणि आयपी अशी तिन्हींवर मिळून घाला.

किती माल उरला हे क्षणाक्षणाला जगाला सांगणं. २०२१ मध्ये लसीच्या स्लॉटवर बॉट टपून बसले, तेव्हा कोविनच्या खुल्या एपीआयवर एका आयपीला पाच मिनिटांत १०० विनंत्यांची मर्यादा आली आणि माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी मिळू लागली. दुकानाने "उपलब्ध" किंवा "संपलं" एवढंच सांगावं.

काउंटरवरच्या सगळ्यांना एकच लॉगिन देणं. आतल्या माणसाने टोकन फिरवलं तर कुणी फिरवलं हे कधीच कळत नाही, आणि संशय मात्र सगळ्या पोरांवर येतो.

घोळ झालाच तर

बुकिंगपेक्षा वाटप जास्त भरलं, तर आधी वाटप थांबवा. "उरलेलं उरकून घेऊ" म्हणत चालू ठेवलं, तर चोराचं उरलेलं कामही तुम्हीच उरकून देता. न वापरलेली सगळी टोकनं रद्द करून त्याच मोबाईलवर नवी पाठवा. एकाच टोकनवर दोन शाखांच्या नोंदी आहेत का, एकाच आयपीवरून ओळीने पानं उघडली गेली का, ऑफर उघडण्याआधीच्या वेळेची बुकिंग आहेत का, हे तीन प्रश्न लॉगला विचारा. चोरी कुठून झाली ते बहुतेक वेळा इथेच कळतं.

"जागा मोकळी करू" म्हणून लॉग पुसून टाकणारे महाभाग प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांच्या हातातून सर्व्हर काढून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, आणि डेटा चोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते. ज्यांचे नाव-नंबर बाहेर गेले, त्यांना त्याच दिवशी स्पष्ट शब्दांत मेसेज करा. नाहीतर चार दिवसांनी त्यांना "तुमच्या वॉशिंग मशीनच्या डिलिव्हरीचे पैसे भरा" असा फोन येतो, आणि नाव-नंबर बरोबर असल्यामुळे लोक पैसे भरतात.