गनस्मिथकडे दिलेले दस्त्याचे काम रखडले, तर काय करावे

परवान्याच्या रायफलला आपल्या मापाचा अक्रोडाचा दस्ता (बॅरलखालचा, खांद्याला टेकणारा लाकडी भाग) करून घ्यायचा, तर ठरलेली तारीख उलटणार हे नागपूरचे नेमबाज गृहीतच धरतात. थांबावे लागते हे मान्य. पण त्या काळात काय करावे, याविषयी दिले जाणारे सल्ले मात्र बहुधा कुचकामी असतात.

कारागिराकडे शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार दुरुस्तीचा परवाना आहे ना, हे पाहावे आणि मापे, लाकूड, रक्कम व तारीख लेखी घ्यावी.

उशीर कशाने होतो आहे, हे आधी ओळखावे. हवेवर वाळणाऱ्या लाकडाला ढोबळमानाने जाडीच्या प्रत्येक इंचामागे एक वर्ष लागते आणि दस्त्याचा ठोकळा दोन-अडीच इंच जाड असतो. ओलसर ठोकळ्यातून कोरलेला दस्ता आपल्याकडे मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या घरात असताना आकसतो, पावसाळ्यात फुगतो, बॅरलला टेकतो आणि नेम सरकतो. तेव्हा लाकूड वाळण्यासाठी मागितलेला वेळ बिनतक्रार द्यावा. ठोकळा तयार असून काम रांगेत पडले असेल, तर पुढची पायरी महत्त्वाची.

ही पायरी म्हणजे विचारणा, आणि बहुतेकांचे काम इथेच बिघडते. मलाही ही रीत बसवायला बराच काळ लागला. रोज फोन करा, ओळखीच्या पोलिसाकडून दम द्या, उरलेले पैसे आधीच देऊन टाका म्हणजे तो लवकर करील, हे तिन्ही सल्ले मी ठामपणे नाकारतो. रोजच्या फोनला कारागीर सरावतो, दम दिल्यावर तो घाईने छिन्नी चालवतो आणि पूर्ण पैसे हाती पडल्यावर त्याच्याकडे आपले काम पुढे घेण्याचे कारणच उरत नाही. ‘कधी होईल?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ‘पुढच्या आठवड्यात’ हेच येते. काम कोणत्या टप्प्यावर आहे, ते विचारावे आणि त्या टप्प्याचा फोटो मागावा: ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना चीर पडू नये म्हणून मेण लावले आहे का, ॲक्शनची (गोळी भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेची) खाच कोरून झाली का, बेडिंग (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून खाचेत भरायचा थर) भरले का. विचारणा महिन्यातून एकदा, तीही लेखी, आणि पुढचा हप्ता टप्पा पुरा झाल्याचे पाहिल्यावरच, एवढे पथ्य पाळले तर टाळाटाळ आणि खरी अडचण यांतला फरक आपोआप उघड होतो.

माझा सर्वांत कळकळीचा इशारा रायफलविषयी आहे. ठोकळा वाळत असताना ती कार्यशाळेत ठेवू नये. ॲक्शन बसवण्याची वेळ आली की परवान्याची हद्द (तो कोणत्या भागात चालतो ते) तपासून स्वतः न्यावी आणि शस्त्र क्रमांक लिहिलेली, तारखेची पावती घ्यावी. ती आधीच तिकडे असेल, तर ही पावती आजच मागावी. मधल्या काळात परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आली किंवा निवडणुकीसाठी शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला, तर रायफल कुठे आहे याचा पुरावा म्हणून आपल्या हाती तोच कागद असतो. शहरात पोलीस आयुक्तालयाला आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाला तो दाखवता आला पाहिजे.

लेखी विचारणांना उत्तरच येत नसेल, तर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. तीत नवी, रास्त मुदत द्यावी आणि ती चुकल्यास करार रद्द समजून आगाऊ रक्कम व शस्त्र परत घेऊ, असे स्पष्ट लिहावे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 55 मध्ये ‘वेळेला महत्त्व होते का’ हाच प्रश्न कळीचा असल्यामुळे मुदतीचे वाक्य मोघम ठेवू नये.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कारागीर परगावचा असला तरी नागपुरात दाद मागता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत मात्र चुकवू नये. 1915 या हेल्पलाइनवर आधी नोंद केली, तर पुष्कळदा तडजोड तिथेच होते.

दस्ता तयार झाल्यावर शस्त्र क्रमांक परवान्याशी ताडून पाहावा. बॅरल मोकळी ठेवण्याचे ठरले असेल, तर ती आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी टोकापासून ॲक्शनपर्यंत न अडखळता सरकते ना, हे तिथेच तपासावे आणि ती अडली, तर शेवटचा हप्ता देऊ नये.