नवा प्लेयर म्हणजे कच्चा लिंबू नाही: चालू कॅम्पेनमध्ये माणूस आणताना या चुका टाळा

आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (टेबलावर बसून, डाइस टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे एकच लांब गोष्ट, तीन वर्षं चालू आहे. दर रविवारी दुपारी चार ते आठ, कर्वेनगरला एका मित्राच्या हॉलमध्ये. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. गेल्या वर्षी पाचातले दोघं नोकरीसाठी पुण्याबाहेर गेले आणि पहिल्यांदाच चालू गोष्टीत नवी माणसं घ्यायची वेळ आली.

पहिली आली ती एक मैत्रीण. खराडीला राहते, म्हणजे रामवाडीहून मेट्रो, नळ स्टॉपला उतरून पुढे रिक्षा, असं करून बरोबर चारला हजर. रोगचं (Rogue, म्हणजे लपतछपत वावरणाऱ्या चोराचं) कॅरेक्टर बनवलेलं, दोन पानं बॅकस्टोरी लिहिलेली, नवे डाइस घेतलेले. मी ठरवलं होतं की पार्टीला, म्हणजे बाकीच्यांच्या कॅरेक्टरांच्या टोळीला, ती गॉब्लिनांच्या तळघरात कोठडीत सापडेल. आता पार्टी तळघरात कधी पोचणार हे डीएमच्या हातात थोडंच असतं? त्यांनी आधी बाजारात दोरखंडाची घासाघीस केली, मग पुलावर मारामारी झाली, मग जखमा बऱ्या करायला मुक्काम. साडेसहाला कोठडीचं दार उघडलं. अडीच तास ती बाई शेजारी बसून दुसऱ्यांचा खेळ बघत होती आणि बाहेर आल्या आल्या आमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) म्हणाला, "हिच्यावर विश्वास का ठेवायचा?" आणि पुढची वीस मिनिटं तिची उलटतपासणी.

पुढच्या रविवारी मेसेज आला, घरी पाहुणे आलेत. त्याच्या पुढच्या रविवारी पण पाहुणे. मग मी फोन करून स्पष्टच विचारलं, तर म्हणाली, "अरे मला असं वाटलं की तुमच्या घरगुती कार्यक्रमाला मी चुकून आलेय."

ते वाक्य मला फार लागलं आणि खाली जे लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलंय. लहानपणी सोसायटीत लपंडाव खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ आला की आपण त्याला कच्चा लिंबू करायचो, म्हणजे तो खेळात आहे पण त्याच्यावर राज्य येत नाही, आऊट झाला तरी आऊट नाही. लहान पोराला ते चालतं. रविवारची अख्खी संध्याकाळ देऊन गाव ओलांडून आलेल्या माणसाला नाही चालत आणि आपण नकळत नव्याला तेच करत असतो.

एन्ट्री उशिरा देणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलतो. नवं कॅरेक्टर सेशनच्या पहिल्या पंधरा मिनिटांत पार्टीबरोबर पाहिजे. कोठडी, बेशुद्ध पडलेला प्रवासी, "तुम्ही जिथे जाताय तिथे तो आधीच आहे" हे सगळे प्रकार डोक्यात भारी वाटतात पण त्यात नव्याची एन्ट्री जुन्यांच्या वेगावर अवलंबून राहते, आणि जुने प्लेयर कधी कुठे रमतील सांगता येत नाही. त्यापेक्षा नव्याला पार्टीकडे येऊ द्या. आधीचं सेशन मुद्दाम मुक्कामावर किंवा धर्मशाळेत संपवा आणि पुढचं सुरू करताना सरळ सांगा की शेकोटीपाशी आता एक जण जास्त बसलाय, कसा आला ते तोच सांगेल.

येताना त्याच्या हातात असं काहीतरी द्या जे पार्टीला हवंय. फोनवरच्या त्या बोलण्यानंतर मी मैत्रिणीची एन्ट्री चक्क पुन्हा केली. पार्टी तेव्हा देवळातून चोरीला गेलेली घंटा शोधत होती. मी ठरवलं की ती घंटा रात्री वाजताना हिने ऐकलीये, कुठल्या दिशेने ते फक्त हिलाच माहिती आणि तिच्यामागे लागलेली माणसं तीच, ज्यांनी घंटा चोरली. आता हिला पार्टी हवी आणि पार्टीला ही हवी. पॅलाडिनने एकही प्रश्न विचारला नाही, उलट पाणी आणून दिलं.

विश्वासाचा प्रश्न तर खेळाबाहेरच मिटवायचा. सेशनच्या आधी ग्रुपवर लिहा: नवं कॅरेक्टर पार्टीत येणारच आहे, घ्यायचं की नाही हा विषय नाही, तुमचं कॅरेक्टर का घेईल एवढं प्रत्येकाने ठरवून या. "पण माझं कॅरेक्टर संशयी आहे" असं कुणीतरी म्हणणारच. असू दे की संशयी, संशय ठेवून सोबत चालता येतं.

आणि जुन्या ओळखी काढा. दोन पुणेकर भेटले की पाच मिनिटांत शाळा, पेठ, आडनाव करत करत कुणीतरी ओळखीचं निघतंच, तीच सवय इथे वापरा. नव्याचं पार्टीतल्या निदान दोघांशी आधीचं काहीतरी नातं हवं, एकाशी चांगलं आणि एकाशी थोडं अडलेलं. उदाहरणार्थ पॅलाडिनच्या मावशीच्या खानावळीत ही लहानपणी कामाला होती, आणि बार्डने (आमच्या गवय्याने) हिच्या तीस सोन्याच्या मोहरा अजून परत केलेल्या नाहीत. हे नातं नव्याने एकट्याने नाही, त्या जुन्या प्लेयरबरोबर बसून बनवायचं, कारण मग जुन्यालाही ते आपलं वाटतं.

बाकीचे पाचव्या लेव्हलला, नवा पहिल्या

"आम्ही पण पहिल्यापासूनच चढलो" हे वाक्य मी आमच्या टेबलावर ऐकलंय (लेव्हल म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीची पायरी). मेहनतीचा अभिमान समजू शकतो, पण आकडे बघा. कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) बोनस दोन धरला तर पहिल्या लेव्हलच्या फायटरला १२ हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढा मार सोसता येतो, पाचव्याला सरासरीने ४४. ओगर नावाच्या राक्षसाच्या सोट्याचा एक फटका सरासरी १३ चा. म्हणजे पाचव्याला तो फटका नुसता लागतो, पहिल्याचा फायटर आडवा. विझार्डचं (जादूगाराचं) तर विचारूच नका. पहिल्या लेव्हलला ८ हिट पॉइंट, समोरच्याने फायरबॉल टाकला आणि सेव्ह (बचावासाठी टाकायचा डाइस) चुकला तर सरासरी २८ डॅमेज. शून्यावर आल्यावर उरलेलं डॅमेज आपल्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर कॅरेक्टर जागीच मरतं, डेथ सेव्ह, म्हणजे जगण्यासाठी टाकायचे डाइस, सुद्धा नाही. इथे उरतात २०. गोष्ट संपली.

कुणी म्हणेल की एक्सपीने (अनुभवाच्या गुणांनी) नवा लवकर वर येतो, आणि ते हिशोबाने खरं आहे. पाचव्या लेव्हलला ६,५०० एक्सपी लागतात आणि सहाव्याला १४,०००, म्हणजे जुने सहावर जाईपर्यंत प्रत्येकी ७,५०० मिळवतात, तेवढ्यात शून्यावरून आलेला नवा पाचवर पोचलेला असतो. पण तोपर्यंतची सेशन्स तो खांबामागे लपून काढणार, म्हणजे परत कच्चा लिंबूच. आणि माइलस्टोनने, म्हणजे गोष्टीतल्या टप्प्यांवर, लेव्हल देत असाल तर ही भरपाई पण आपोआप होत नाही. सरळ पार्टीच्या लेव्हलला सुरू करा. एक लेव्हल कमी दिली तरी मला आवडत नाही, विशेषतः चार आणि पाच यांच्यामध्ये, कारण फायटरचा दुसरा हल्ला आणि विझार्डचे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल (मंत्र) नेमके पाचला येतात.

सामानाचंही तसंच. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये ५ ते १० लेव्हलला सुरुवात करणाऱ्याला नेहमीच्या सामानाबरोबर ५०० सोन्याच्या मोहरा आणि वर दहा बाजूंच्या एका डाइसवर पडलेला आकडा गुणिले २५ एवढ्या दिल्यात. पण आधी आपल्या पार्टीकडे बघा, तिघांकडे जादूची शस्त्रं असतील तर नव्याला पण एखादी साधी जादूची वस्तू द्या.

याच्या उलटा लोचा कॅरेक्टर मेल्यावर होतो. जुना प्लेयर नवं कॅरेक्टर घेऊन येतो, त्याचं स्वतःचं सामान असतंच, आणि पार्टी मेलेल्याची तलवार, चिलखत, अंगठी सगळं वाटून घेते. दोन मृत्यूंनंतर पार्टी गडगंज. आमच्याकडे आता नियम आहे, मेलेल्याचं जादूचं सामान घरच्यांकडे नाहीतर देवळात जातं, त्यातली एकच वस्तू आठवण म्हणून ठेवायची. खेळायला पण छान होतं, कुणीतरी ती तलवार त्याच्या आईकडे पोचवायला जातं.

कधीच न खेळलेल्याला भरलेली शीट

पाचव्या लेव्हलला सुरू करा म्हणालो, पण जो आयुष्यात पहिल्यांदाच खेळतोय त्याचं काय? पाचव्या लेव्हलच्या विझार्डच्या पुस्तकात किमान १४ स्पेल असतात, त्यातले साधारण नऊ रोज तयार ठेवायचे, वर चार कँट्रिप (कितीही वेळा वापरता येणारे साधे मंत्र). हे एकदम समोर टाकलं की माणूस शीटमध्ये (कॅरेक्टरच्या आकड्यांच्या कागदात) डोकं घालून बसतो आणि गोष्ट त्याच्या डोक्यावरून जाते.

यावर मला सगळ्यात लागू पडलेला उपाय म्हणजे छोटा वन-शॉट, एका बैठकीत संपणारी गोष्ट. एखाद्या शनिवारी तीन तास, नवा आणि एक-दोन जुने, त्याचंच कॅरेक्टर पण पहिल्या लेव्हलचं, पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. खेळून झालं की नियम पण बसतात आणि बॅकस्टोरी लिहिलेली न राहता घडलेली होते. ते शक्य नसेल तर रोग किंवा फायटर सुचवा आणि अर्ध्या कागदावर मराठीत लिहून द्या: मारताना कुठला डाइस, त्यात किती मिळवायचे, धोका आला तर काय करता येतं. बास.

पुस्तकं विकत घ्यायला लावू नका. पाचव्या एडिशनचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट आहेत. मात्र तुम्ही कुठले नियम वापरता ते आधी सांगा. आमच्याकडे दुसरा जो नवा आला त्याने २०२४ चं, सुधारलेल्या नियमांचं पुस्तक वाचून क्लेरिक (दैवी शक्ती वापरणारा पुजारी) बनवला, टेबल २०१४ वर चाललेलं. जुन्यात क्लेरिकला डोमेन (त्याच्या दैवी शक्तीचं खास क्षेत्र) पहिल्याच लेव्हलला मिळतं, नव्यात तिसऱ्या, शिवाय नव्यात शस्त्रांची मास्टरी वेगळीच, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता मेळ घालण्यात गेला.

तीन वर्षांचा इतिहास एका दमात

मी मैत्रिणीला तेवीस पानांची फाइल पाठवली होती. तिने ती प्रामाणिकपणे वाचली आणि तरी टेबलावर तिला एकही नाव आठवेना. आता अर्धं पान देतो: सध्या काय शोधतोय, कोण मागे लागलंय, आणि फार तर पाच नावं. बाकीचं जुन्यांना सांगू द्या, पहिल्या सेशनच्या आधी चहावर, प्रत्येकाने एकच प्रसंग, आपल्या कॅरेक्टरच्या बाजूने. दोघांनी एकच लढाई वेगवेगळी सांगितली तर उत्तमच. आणि टेबलावरचे जुने विनोद निघाले की तिथेच थांबून नव्याला संदर्भ सांगा, दहा सेकंद लागतात पण त्या दहा सेकंदांनी माणूस आत येतो.

"आमच्याकडे हीलर (जखमा बऱ्या करणारा) नाहीये, तू हो." हे करू नका. रिकामी जागा भरायला माणूस आणत नाही आहोत आपण. हीलिंग पोशन ५० मोहरांना मिळतं, पार्टीला देऊन टाका आणि नव्याला जे खेळायचंय ते खेळू द्या.

परत सेशन झीरो

सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीची ठरवाठरवीची बैठक, तीन वर्षांपूर्वी झालाय म्हणून सोडून देऊ नका, माणूस बदलला की टेबल बदलतं. कुठले विषय अजिबात नकोत, कुठले आले तरी पडद्याआड ठेवायचे, हे पुन्हा विचारा, आणि सगळ्यांना विचारा, नाहीतर नव्यालाच उगाच आरोपीसारखं वाटतं. आमच्याकडे विचारलं तेव्हा एका जुन्याच मित्राने सांगितलं की त्याला मुलगी झाल्यापासून लहान मुलांना इजा होणारे सीन ऐकवत नाहीत. तीन वर्षांत तो हे बोलला नव्हता.

पुण्यात अजून एक गोष्ट ठरवावी लागते ती म्हणजे भाषा. आमचा क्लेरिकवाला इंदूरचा. आम्ही बोलतो मराठी, नियम इंग्रजीत, आणि जोरात सीन चालू झाला की गावचा सरपंच, डाकू, म्हातारी सगळे मराठीतच भांडतात. तो हसायचा सगळ्यांबरोबर पण अर्धं निसटायचं त्याचं. आता ठरलंय की महत्त्वाची माहिती हिंदीत एकदा परत सांगायची, आणि त्याचा क्लेरिक परमुलखातला असल्याने त्याला न कळणं गोष्टीतही बसतं. हल्ली तो म्हातारीला मराठीत उत्तर देतो.

टेबलावर काय बघायचं

नव्याच्या हातात फोन गेला, किंवा तो दर टर्नला "मी काय करू?" विचारायला लागला, तर बहुतेक वेळा जुने त्याच्यासाठी खेळत असतात. प्रेमापोटीच, पण दर टर्नला तीन सल्ले आले की डाइस टाकणं एवढंच काम त्याला उरतं. न विचारता सल्ला नाही, हा नियम डीएमनेच लावायचा. शिवाय दर अर्ध्या तासाला निदान एक प्रश्न थेट त्याच्या कॅरेक्टरला विचारा, ज्याचं उत्तर फक्त तोच देऊ शकतो. "तुमच्या गावात मेलेल्यांना पुरतात का जाळतात?" असा. तो जे सांगेल ते जगात खरं झालं पाहिजे आणि दोन सेशननी परत आलं पाहिजे.

तरीही काही वेळा नाही जमत. म्हणून आता मी नव्याला आधीच सांगतो, तीन सेशन खेळून बघ, नंतर आपण दोघं बोलू, आणि थांबावंसं वाटलं तर तुझ्या कॅरेक्टरची नीट सोय करू. एक जण असा तीन सेशननंतर थांबला, त्याला रविवारचं जमेना. त्याचा ड्वार्फ मेला नाही की रातोरात गायब झाला नाही, नदीकाठच्या गावात त्याने भट्टी टाकलीये. पार्टी अजून तिथे शस्त्रं दुरुस्त करायला जाते आणि त्या वेळी मी त्याला मेसेज करून विचारतो, ड्वार्फ आज काय म्हणेल? तो दोन ओळी पाठवतो, त्या मी तशाच वाचून दाखवतो.