लहान गावातली रहस्यकादंबरी कशी वाचावी

लहानसे गाव, तिथे घडलेला एखादा खून, आणि त्याचा छडा लावणारी ग्रंथपाल, निवृत्त शिक्षिका किंवा पुस्तकांची दुकानदारीण, अशा मांडणीच्या कादंबऱ्यांना वाचक ‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखतात. यात रक्तपात नजरेआड घडतो, पोलीस दुय्यम असतात आणि गुन्हेगार हमखास गावातल्याच ओळखीच्या माणसांतून निघतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या धावत्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हा प्रकार सुरुवातीला संथ वाटतो. परंतु लेखकाने सगळा पुरावा त्या संथ पानांतच ठेवलेला असतो, म्हणून ती पाने भराभर उलटू नयेत. गुन्हेगार सर्वांआधी ओळखण्याच्या ईर्षेने वाचणाऱ्याच्या हाती या कादंबरीतले फारच थोडे लागते, असे माझे ठाम मत आहे. गाव कसे चालते, हे आधी समजून घ्यावे.

प्रत तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आणली असेल, तर देवघेवीच्या टेबलापाशीच मजकूर न वाचता शेवटच्या पानांचे क्रमांक तपासून घ्यावेत, कारण हातोहात फिरलेल्या रहस्यकथांची अखेरची पाने अनेकदा सुटलेली असतात. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नये. त्यात पहिल्या शंभर पानांतली घटना सर्रास सांगून टाकलेली असते.

पहिल्या तीन-चार प्रकरणांत खून झालेला नसला तरी अधीर होऊ नये. टपाल किती वाजता येते, दुकान कोणत्या वारी बंद असते, कोण कुणाकडे चहाला जाते, कुणाचे कुत्रे कुणावर भुंकते, या नोंदी म्हणजे त्या गावाचे वेळापत्रक असते, आणि पुढे जे काही संशयास्पद ठरते ते या वेळापत्रकातल्या एखाद्या खंडामुळेच ठरते. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. लातूर, धाराशिव या भागात येळवशीच्या दिवशी, म्हणजे मार्गशीर्षातल्या दर्शवेळ अमावास्येला, शहरे ओस पडतात. जो तो आपल्या किंवा सोयऱ्याच्या शेतात जातो, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि भज्जी-आंबिलीच्या पंगती उठतात. अशा दिवशी ‘मी शेतात होतो’ हे उत्तर प्रत्येकाकडे तयार असते आणि तपासायलाही सोपे असते, कारण पंगतीला कोण होते आणि कोण नव्हते हे सगळ्यांच्या लक्षात राहते. त्याच वेळी गावातल्या गल्लीत मात्र साक्षीला एकही माणूस नसतो. इंग्रजी कादंबरीतली चर्चच्या आवारातली जत्रा नेमके हेच काम करते. ती करमणुकीची पाने समजून ओलांडू नयेत. कोण किती वाजता कुठल्या टेबलाजवळ होता, हे तिथेच सांगितलेले असते.

आगाथा ख्रिस्ती यांनी १९३० साली कादंबरीत आणलेल्या मिस मार्पल या वृद्धेची पद्धतही हीच आहे. समोरच्या संशयिताला पाहून तिला आपल्या खेड्यातल्या कुणाची तरी आठवण होते आणि त्या माणसाच्या वागण्यावरून ती याचा स्वभाव ताडते. आपणही तसे करावे. प्रत्येक पात्रासाठी आपल्या ओळखीचा एक माणूस मनात योजावा, म्हणजे परकी नावे एकमेकांत मिसळत नाहीत आणि पात्र स्वभावाबाहेर वागले की लगेच खटकते.

एका बाबतीत मात्र आपला अनुभव तिकडे जसाच्या तसा लावू नये, आणि ती बाब म्हणजे मालमत्ता. आपल्याकडे कुटुंबातला तंटा बहुधा वडिलोपार्जित जमिनीचा, वाटणीचा, सातबाऱ्यावरच्या नावाचा असतो, आणि त्या जमिनीत हिस्सा जन्मानेच मिळतो; हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तो मुलींनाही मिळतो. इंग्लंडमध्ये मृत्युपत्राने आपली मालमत्ता कुणालाही देण्याची मोकळीक फार मोठी आहे. म्हणून तिथल्या कादंबरीत एखादी श्रीमंत मावशी ‘उद्या वकिलाला बोलावते’ असे म्हणाली, तर त्या वाक्यापाशी थांबून ते कुणाकुणाच्या कानावर पडले, हे पाहावे. जुन्या मृत्युपत्राने कुणाचा लाभ होता आणि नव्याने कुणाचा झाला असता, हे दोन प्रश्न लिहून ठेवले की निम्म्या संशयितांचे हेतू स्पष्ट होतात.

लिहिण्यासाठी पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. त्यावर माणसाचे नाव, तो कुठे होता असे तो सांगतो आणि त्याला दुजोरा कोण देते, एवढेच पृष्ठक्रमांकासह टिपावे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसलेला असावा आणि सत्यशोधकाला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवू नये, हे त्यांतले दोन नियम आजही बहुतेक लेखक पाळतात. याचा अर्थ सगळे आपल्यासमोर असते, फक्त ते झाकलेले असते. निवेदक तृतीयपुरुषी असेल तर तो गोष्ट दडवील, पण सहसा खोटे सांगणार नाही; पात्रे मात्र खुशाल खोटे बोलतात. म्हणून ‘ती सातला घरी पोहोचली’ आणि ‘मी सातला घरी पोहोचले, असे ती म्हणाली’ ही दोन वाक्ये वेगळ्या रकान्यांत जायला हवीत. टेबलावरच्या सात-आठ वस्तूंची यादी आली तर मधल्या वस्तूंकडे अधिक लक्ष द्यावे, आणि कुणी काही सांगत असताना दार वाजले किंवा कप फुटला, तर आधीचे अर्धवट वाक्य पुन्हा वाचावे. चकवा, म्हणजे वाचकाला भुलवायला पेरलेला खोटा धागा, मात्र उलट वागतो. तो वारंवार आणि ठळकपणे पुढे केला जातो.

पुस्तकवेड्या नायिकेकडे बघण्याची रीत थोडी वेगळी ठेवावी. तिचे शस्त्र म्हणजे तिची वाचनाची सवय: दाखल नोंदवहीतली खाडाखोड, समासातले हस्ताक्षर, आवृत्तीचे साल, परत न आलेले एखादे पुस्तक. ती कोणते पुस्तक हातात घेते आणि त्यातले काय तिला आठवते, हे शोभेसाठी दिलेले नसते. अशी पाने वाचताना मला नेहमी वाटते की या नायिकेला मराठवाड्यातले एखादे तालुक्याचे गाव मिळायला हवे. जिथे निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद अजूनही घराघरांतल्या पेट्यांत पडून आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे कमी होत चालली आहेत, तिथे जुने खासरा पत्रक, म्हणजे शेतजमिनीची सरकारी नोंद, वाचता येणारी ग्रंथपालीण ठाणेदाराच्या चार पावले पुढे राहील. ही कादंबरी आपल्याकडे कुणीतरी मनापासून लिहावी.

पुस्तकाच्या शेवटच्या सुमारे एक-पंचमांश भागात नायिका कुणाच्या तरी साध्या बोलण्यावर एकाएकी गप्प होते. तिथे पुस्तक मिटावे. कुणी केले, का केले, कसे केले आणि कोणत्या पानावरून तसे वाटते, हे कागदावर लिहून मगच पुढे जावे. शक्य असेल तर हा टप्पा रात्रभर तसाच राहू द्यावा. उत्तर चुकले तरी आपण कोणत्या पानाला फसलो, हे कागद दाखवतो.

काही आठवड्यांनी तेच पुस्तक दुसऱ्यांदा वाचावे, आणि या वेळी फक्त गुन्हेगारावर नजर ठेवावी. चांगल्या लेखकाच्या कादंबरीत त्याची पुष्कळ वाक्ये अक्षरशः खरी निघतात, केवळ पहिल्या वेळी आपण त्यांचा दुसराच अर्थ लावलेला असतो. कुणी हे पुस्तक वाचायला मागितले, तर आपला तो कागद आतून काढून घेऊनच त्याच्या हाती द्यावे.