अकूस्टिक गिटारसाठी परवडणारा मायक्रोफोन निवडताना

अकूस्टिक गिटारचा नाद तारेवर नख किंवा पिक पडताच उमटणाऱ्या बारीक, उंच कंपनांतून खुलतो. म्हणून कमी खर्चातही पहिली पसंती लहान पडद्याच्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) कंडेन्सर (विजेवर चालणाऱ्या, बारीक तपशील पकडणाऱ्या) मायक्रोफोनला द्यावी. त्याला बहुधा 48 व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच मायक्रोफोनला मिळणारी वीज) लागत असल्याने आपल्या ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावर, ती सोय आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

बोटांनी हळुवार वाजवणाऱ्यांनी माहितीपत्रकातील ‘सेल्फ नॉइज’ हा आकडा अवश्य वाचावा. तो 15 डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल, तर स्वर विरत जाताना मायक्रोफोनची स्वतःची खरखर फारशी जाणवत नाही.

शूर कंपनीचा एसएम57 हा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या गुंडाळीवर चालणारा) मायक्रोफोन मजबूत आहे आणि मंचावरही उपयोगी पडतो, परंतु त्यात उंच स्वरांचा तपशील कमी येतो आणि प्रीअँपचा (मायक्रोफोनचा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या भागाचा) गेन, म्हणजे संकेत मोठा करण्याचे प्रमाण, बराच वाढवावा लागतो. डायनॅमिक घेतला की खोलीचा घुमारा आपोआप नाहीसा होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. घुमारा किती येतो हे मुख्यतः मायक्रोफोनच्या गिटारपासूनच्या अंतरावर आणि त्याच्या दिशाग्राहकतेवर (तो कोणत्या दिशेचा आवाज टिपतो यावर) अवलंबून असते.

कोणताही मायक्रोफोन पारखताना तो बाराव्या फ्रेटसमोर 20 ते 30 सेंटिमीटरवर ठेवावा, कारण ध्वनिछिद्रासमोर खर्जाची घूं-घूं इतकी वाढते की चांगला मायक्रोफोनही वाईट वाटतो.